ठरलेले काहीच नसताना तुम्ही काय केलेत?

मुलाखत साधारण अर्ध्यावर आली, शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्यांविषयी बोलून झाले, की पॅनेलमधले कुणीतरी हा प्रश्न काढतेच. त्याचे शब्द तेवढे बदलतात. कधी तो ‘सूचना स्पष्ट नसताना तुम्ही काम कसे पुढे नेलेत ते सांगा’ असा येतो, कधी ‘पुरेशी माहिती हाती नसताना निर्णय घ्यावा लागला असा एखादा प्रसंग सांगा’ असा, तर कधी ‘प्राधान्यक्रम सारखे बदलत असले तर तुम्ही काय करता?’ असा. मी बरीच वर्षे मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसत आले आहे आणि हा प्रश्न मी स्वतः अनेकांना विचारला आहे. कर्तबगार माणसे नेमकी याच प्रश्नावर कमी पडताना पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. त्यांनी आयुष्यात धूसर परिस्थितीत कामे केलेली असतात, ती निभावून नेलेली असतात. पण ते सांगायला बसताना तो धूसरपणाच त्यांच्या बोलण्यातून गळून गेलेला असतो आणि मग समोर उरते ती कुठल्याही कामाची सरळसोट हकिकत.

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘मला अशा वातावरणात काम करायला आवडते’ किंवा ‘मी परिस्थितीशी लवकर जुळवून घेते’. हे खरेही असू शकते, परंतु पॅनेलपुढे असलेल्या कागदावर त्यातून लिहिण्याजोगे काहीही मिळत नाही. हा कागद कसा तयार होतो हे उमेदवाराला माहीत असणे फार उपयोगाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी वैमानिकांच्या निवडीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये एक पद्धत सविस्तर मांडली. एखाद्याच्या कामाविषयी मते गोळा करण्याऐवजी काम विशेष चांगले किंवा विशेष वाईट झाल्याचे प्रत्यक्ष प्रसंग गोळा करावेत, असा तिचा गाभा होता. पुढे १९८० मध्ये गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असे घडले तर काय कराल?’ या प्रकारच्या मुलाखतीवर आणि १९८२ मध्ये टॉम जांझ यांनी ‘असे घडले तेव्हा काय केलेत?’ या प्रकारच्या मुलाखतीवर संशोधन प्रसिद्ध केले. आजच्या मुलाखतींतले बहुतेक प्रश्न या दोन घराण्यांतले असतात. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून, आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देण्याची मुलाखत ही मोकळ्या गप्पांपेक्षा पुढच्या कामगिरीचा चांगला अंदाज देते, हेही पुन्हा पुन्हा दिसले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा रचनाबद्ध मुलाखतीचा कामगिरीशी असलेला सहसंबंध (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण नाते) ०.५१ आणि मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ असा काढला होता. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी या गणिताची फेरतपासणी करून रचनाबद्ध मुलाखतीचा आकडा ०.४२ वर आणला, तरी निवडीच्या साधनांत तिचे स्थान सर्वांत वरचे ठरले.

आकड्यांचा हा फरक उमेदवाराने लक्षात ठेवावा असे मी म्हणणार नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की समोरची व्यक्ती मान डोलावत असली तरी तिच्या कागदावर ‘काय माहीत नव्हते, ते कसे ओळखले, कुणाला विचारले, काय गृहीत धरले, ते केव्हा बदलले’ अशा स्वरूपाचे रकाने असतात आणि ते भरता येतील असे काही तुम्ही दिले नाही, तर तिला तुमच्याविषयी कितीही आपुलकी वाटली तरी ते कोरेच राहतात.

‘मला आवडते’ हे उत्तर न पटण्याचे आणखी एक कारण आहे. १९६१ मध्ये डॅनियल एल्सबर्ग यांनी एक साधी कल्पना मांडली. दोन भांडी आहेत. पहिल्यात ५० लाल आणि ५० काळे चेंडू आहेत हे सांगितलेले आहे. दुसऱ्यातही लाल-काळे मिळून १०० चेंडू आहेत, पण प्रमाण सांगितलेले नाही. लाल चेंडू निघेल अशी पैज लावायची असेल, तर पुष्कळ माणसे पहिले भांडे निवडतात. काळा निघेल अशी पैज असली तरीही पहिलेच निवडतात. वास्तविक दुसऱ्या भांड्यात लाल कमी असतील अशी शंका असेल, तर काळ्यासाठी तरी ते निवडायला हवे. पण माणसाला शक्यता माहीत नसणे हेच मुळात नकोसे वाटते. पॅनेलमधल्या लोकांनाही ते नकोसेच वाटते. त्यामुळे धूसरपणा आवडतो असे कुणी ठासून सांगितले, की त्यांना तो पाठ केलेला पवित्रा वाटतो. ‘सुरुवातीला मला अस्वस्थ वाटले आणि म्हणून मी आधी अमुक गोष्ट केली’ हे उत्तर अधिक विश्वासार्ह असते, कारण त्यात भावना मान्य करून ती पुढच्या कृतीला जोडलेली असते.

मानसशास्त्रात एल्झे फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांनी १९४९ मध्ये धूसरपणा सहन न होणे या वृत्तीविषयी लिहिले. त्यांनी वर्णन केलेली माणसे गोंधळून थांबणारी नव्हती. उलट ती घाईने काळे की पांढरे ते ठरवून मोकळी होणारी होती. मुलाखतीच्या संदर्भात मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हातपाय गाळून बसणारा उमेदवार सगळ्यांच्या लक्षात येतो. मात्र अपुऱ्या माहितीवर पहिल्याच दिवशी एक निष्कर्ष पक्का करून त्याच्या मागे धावलेला उमेदवार पुष्कळदा ‘निर्णयक्षम’ म्हणून गुण मिळवून जातो, आणि तशी निवड करणाऱ्या पॅनेलांनी स्वतःला याबद्दल प्रश्न विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

आता गळून गेलेल्या धूसरपणाकडे येते, कारण माझ्या मते या प्रश्नाची खरी अडचण तिथे आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की एखाद्या घटनेचा शेवट कळल्यावर माणसांना तो आधीपासूनच बराच संभाव्य वाटू लागतो आणि आपल्याला तो कळला नसता तर आपण काय समजलो असतो, हे त्यांना नीट सांगता येत नाही. मुलाखतीला बसलेला प्रत्येक उमेदवार याच स्थितीत असतो. जे काम दोन वर्षांपूर्वी संपले, त्यात मूळ दोष कुठे होता, कोणता मार्ग योग्य ठरला, कोण आडवे आले हे आज त्याला स्वच्छ माहीत असते. म्हणून तो सांगतो, ‘यंत्रणेत अडचण होती, मी ती शोधली, दुरुस्त केली, वेळ वाचला.’ यात खोटे काही नसते. फक्त त्या वेळी अडचण यंत्रणेत आहे, माणसांच्या सवयीत आहे की मुळात अडचणच नाही, हे कुणालाच माहीत नव्हते, आणि विचारलेला प्रश्न नेमका त्या काळाबद्दलचा होता. पॅनेलला ऐकू येते ते एका सोप्या कामाचे वर्णन.

यावर मला एकच उपाय खरोखर लागू पडताना दिसला आहे. प्रसंग निवडून झाला की त्याच्या पहिल्या आठवड्यातले ईमेल, वहीतल्या नोंदी, बैठकीचे टिपण असे जे काही स्वतःपाशी असेल ते पुन्हा वाचावे आणि त्या तारखेला आपल्याला काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते आणि काय चुकीचे ठाऊक होते, हे कागदावर उतरवावे. टिपणे नसतील तर त्या वेळच्या सहकाऱ्याशी बोलावे. त्याला आपल्याला न आठवणारी एखादी शंका हमखास आठवते. तयारीचा बहुतेक वेळ मी यावर घालवायला सांगेन. परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने बोलण्याची स्टार पद्धत सर्वत्र शिकवली जाते आणि ती चांगली आहे, मात्र या प्रश्नापुरता तिच्यात एक बदल करावा लागतो. परिस्थिती सांगताना कंपनीची ओळख आणि टीमची रचना दोन वाक्यांत आटोपावी आणि ‘तेव्हा आम्हांला हे माहीत नव्हते’ या वाक्याला पुरेशी जागा द्यावी.

मला भावलेल्या एका उत्तराविषयी लिहिते; तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. एका उमेदवार तरुणीला तिच्या आधीच्या नोकरीत ‘ग्राहक आपल्याला का सोडून जातात ते शोधा’ एवढ्या एका वाक्यावर काम सोपवले गेले होते. तिने सांगितले, की पहिल्या काही दिवसांतच तिला कळले, की विक्री विभाग करार न वाढवणाऱ्याला ‘गेलेला ग्राहक’ मानतो आणि सेवा विभाग तीन महिने सेवा न वापरणाऱ्याला. दोन्ही विभागांचे आकडे वेगळे येत होते आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. त्याच वेळी सेवा विभागाकडे सोडून गेलेल्या लोकांनी भरलेले जुने अर्ज पडून आहेत असेही तिला समजले, पण ते कुणी तिला दिलेले नव्हते. आणि लोक मुळात का जातात, याविषयी प्रत्येकाकडे एक सिद्धान्त होता, पुरावा कुणाकडेच नव्हता.

तिने हे तीन गुंते वेगळे केले. जुने अर्ज ही माहिती अस्तित्वात होती, फक्त मागायची होती. ती तिने त्याच दिवशी मागितली. ग्राहक का जातात हे कुणालाच माहीत नव्हते, तेव्हा ते शोधावे लागणार होते; त्यासाठी तिने सोडून गेलेल्या थोड्याच ग्राहकांशी बोलणे सुरू केले, कारण व्याख्या कोणतीही ठरली तरी हे संभाषण उपयोगी पडणारच होते. ‘गेलेला ग्राहक’ कुणाला म्हणायचे, हे मात्र शोधून सापडणारे नव्हते. ते कुणीतरी ठरवायचे होते आणि ते ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता, कारण विक्रीतल्या लोकांचे प्रोत्साहनपर वेतन त्या आकड्यावर अवलंबून होते. तिने दोन्ही व्याख्या, त्यांनुसार येणारे आकडे आणि आपली शिफारस असे एक पान लिहिले, दोन्ही विभागप्रमुखांना एकत्र बसवले आणि कोणत्या तारखेपर्यंत निर्णय न झाल्यास पुढचे कोणते काम अडेल, हे त्यांना सांगितले. ‘इतर बारीक गोष्टींत मी माझी गृहीतके कळवून पुढे गेले, या एका बाबतीत मी थांबले,’ असे ती म्हणाली, आणि कागदावरचे सगळे रकाने भरले गेले.

न कळलेल्या गोष्टींत हा फरक करता येणे म्हणजेच धूसर परिस्थिती हाताळता येणे, असे मी आता मानते. दुसऱ्याजवळ असलेली माहिती, कुणाजवळच नसलेली माहिती आणि अजून कुणी न घेतलेला निर्णय या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी अगदी सारख्या दिसतात. त्यांवर करायच्या कृती मात्र पूर्णपणे वेगळ्या आहेत. जिथे फक्त विचारायचे आहे तिथे संशोधन करत बसले तर आठवडे वाया जातात. जिथे शोधायचे आहे तिथे वरिष्ठांच्या दारात उत्तर मागत उभे राहिले तर तेही बिचारे अंदाजच सांगतात आणि तो अंदाज आदेश होऊन बसतो. आणि जिथे निर्णय हवा आहे तिथे आणखी आकडे गोळा करण्याने काहीच हलत नाही; मी पाहिलेली सर्वांत दमवणारी कामे याच प्रकारची होती.

याच्या विरुद्ध टोकाला असते पराक्रमाची कथा. सूचना नव्हत्या, मुदत जवळ आली होती, उमेदवाराने स्वतःच एक मार्ग निवडला, रात्री जागून काम पुरे केले आणि सगळ्यांनी वाहवा केली. अशा वेळी पॅनेलने ‘तुमचे गृहीतक तुम्ही कुणाला सांगितले होते?’ आणि ‘ते चुकीचे असते तर केव्हा कळले असते?’ एवढे दोन प्रश्न विचारले, की बहुधा शांतता पसरते. परिणाम चांगला आला म्हणून रीत चांगली होती असे ठरत नाही, आणि पॅनेलमधल्या अनुभवी माणसाला हे पुरते माहीत असते. उलट परिणाम मनासारखा न आलेला प्रसंग सांगायला हरकत नाही, फक्त कोणते गृहीतक कोणत्या खुणेवरून चुकलेले कळले आणि त्यानंतर दिशा कशी बदलली हे सांगता यायला हवे.

या प्रश्नाच्या उत्तरात जेफ बेझोस यांचा दाखलाही वारंवार येतो. ॲमेझॉनच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या वार्षिक पत्रात त्यांनी मागे फिरता येणारे आणि मागे फिरता न येणारे, असे निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते, आणि २०१६ सालच्या पत्रात बहुतेक निर्णय हव्या असलेल्या माहितीपैकी सुमारे ७० टक्के हाती आल्यावर घ्यावेत असे म्हटले होते. उमेदवार ७० टक्क्यांचा आकडा सांगतात आणि थांबतात. त्या पत्रातच पुढे चुकीचे निर्णय लवकर ओळखून दुरुस्त करता आले पाहिजेत, अशी अट जोडलेली आहे आणि सगळा भार तिच्यावर आहे. शिवाय हातात असलेली माहिती सत्तर टक्के आहे की चाळीस, हे मोजणार कसे? त्यापेक्षा पहिल्या पत्रातला भेद आपल्या प्रसंगाला लावून दाखवणे कितीतरी उपयुक्त आहे. हा निर्णय उलटवायला किती दिवस आणि किती खर्च लागला असता, तो कमी होता म्हणून मी वाट न पाहता पुढे गेलो, किंवा तो जास्त होता म्हणून मी थांबून परवानगी घेतली, असे बोलणारा उमेदवार दुसऱ्याचे वाक्य उसने न घेता आपला विचार समोर ठेवतो.

नुकतेच शिक्षण संपवून आलेल्यांना पूर्वीचा प्रसंग विचारण्याऐवजी काल्पनिक परिस्थिती दिली जाते. ‘तक्रारी अचानक वाढल्या आहेत, तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो. थेट उपाय सांगायला सुरुवात करणे हे एक टोक झाले आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहणे हे दुसरे. ज्यांच्या उत्तराने तुमची पुढची पायरी बदलेल असे दोन-तीन प्रश्न विचारावेत. तक्रारी सगळीकडे वाढल्या की एकाच ठिकाणी, त्याच सुमारास काही बदलले होते का, इतके पुरते. पॅनेलने ‘ते माहीत नाही असे समजा’ म्हटले, तर आपले गृहीतक मोठ्याने सांगून पुढे जावे आणि कोणती गोष्ट दिसली तर ते गृहीतक सोडाल, हेही सांगावे. महाविद्यालयातला प्रकल्प किंवा गटात केलेले एखादे काम यांतले प्रसंगही चालतात. तिथेही ‘कुणी ठरवलेच नव्हते’ ही अडचण नोकरीतल्याइतकीच खरी असते.

एक गोष्ट मला मुलाखत घेणाऱ्यांची बाजू सोडून उमेदवाराच्या बाजूने सांगायची आहे. १९६४ मध्ये रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरीतल्या ताणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडून काय अपेक्षित आहे, आपला अधिकार कुठवर आहे हे स्पष्ट नसणे हे त्या ताणाचे एक मोठे कारण त्यांना आढळले होते. त्यानंतरच्या अभ्यासांतही अशा अस्पष्ट भूमिकेचे नाते कमी समाधानाशी आणि वाढत्या ताणाशी दिसत आले आहे. नव्या क्षेत्रात, नव्या उत्पादनावर किंवा संकटाच्या काळात काम करताना जे कुणालाच माहीत नसते ते सोसावेच लागते, आणि ते सोसण्याची तयारी विचारणे रास्त आहे. परंतु वरिष्ठांनी आपसांत जे ठरवायला हवे होते ते न ठरवता त्याचा भार नव्या माणसावर टाकायचा आणि तो वाहण्याला गुण म्हणायचे, हे मला अन्यायाचे वाटते. मुलाखतीत हा एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला, तर त्या पदाबद्दल काहीतरी कळवले जात आहे असे उमेदवाराने समजावे.

म्हणून आपली प्रश्न विचारण्याची वेळ आली, की नम्रपणे पण नेमके विचारावे. या पदावरच्या व्यक्तीचे काम चांगले झाले हे पहिल्या सहा महिन्यांनंतर कशावरून ठरवले जाईल? ते कोण ठरवील? दोन वरिष्ठांची मते अलीकडे वेगळी पडली होती, तेव्हा शेवटचा निर्णय कुणी आणि कसा घेतला? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत; मला स्वतःला ते विचारले गेले, तेव्हा विचारणाऱ्याविषयीचा माझा आदर वाढलाच. ‘आमच्याकडे सगळे मोकळे वातावरण आहे, तुम्ही आलात की आपण बघू’ असे उत्तर आले, तर ते जसेच्या तसे लिहून ठेवावे आणि पगाराच्या आकड्याइतकाच त्याचाही विचार करावा. ‘हे अजून ठरलेले नाही, ते अमुक व्यक्ती पुढच्या तिमाहीपर्यंत ठरवील आणि तोवर तुम्ही तमुक यांना विचारून काम कराल’ असे उत्तर आले, तर तिथेही सगळे स्पष्ट नाहीच. पण काय स्पष्ट नाही ते तिथल्या लोकांना माहीत आहे, आणि अशा ठिकाणी रुजू होण्याचा विचार उमेदवाराला डोळसपणे करता येतो.